धुतलेले पाय

"शूज काढ," क्लबमधल्या मॅडम म्हणाल्या.

मला वाटलं, लेस सुटली असेल. मी खाली पाहिलं. लेस नीट होती.

"अगं, फोटोसाठी. सॉक्सपण."

गंगापूर धरणाच्या बाजूचा कच्चा रस्ता. सकाळचं ऊन नुकतं पडलेलं. रनिंग क्लबचे सगळे एका बाजूला उभे, हातात पाण्याच्या बाटल्या, पायांत रंगीत शूज. मी शूज काढले. सॉक्स आत कोंबले. एका काकांनी ते शूज उचलले आणि गाडीच्या चाकामागे नेऊन ठेवले, म्हणजे फोटोत येणार नाहीत. दोन बोटांनी धरून नेले. मेलेला उंदीर नेतात तसे.

मग मला खडीवरून पळायला सांगितलं. एकदा. परत. परत. फोटोग्राफर म्हणाला, चेहऱ्यावर जरा त्रास दिसू दे. तो आणावा लागला नाही. टाचेत खडा रुतला होता.

पुढच्या आठवड्यात क्लबचं पोस्टर आलं. माझे धुळीचे पाय मोठे करून छापलेले. वर ओळ होती : 'तिच्याकडे शूज नाहीत. तिच्याकडे वेग आहे.'

शूज होते माझ्याकडे. कॉलेजच्या ग्रंथालयात 'कमवा आणि शिका' योजनेत मी पुस्तकं लावते, त्या पैशांतून घेतलेले. होस्टेलवर मी ते कपड्यांच्या पेटीत ठेवायचे. खोलीतल्या मुली हसायच्या, म्हणायच्या, उद्या त्यांना पांघरूणही घालशील.

मी पोस्टर पाहिलं आणि गप्प बसले. का गप्प बसले, ते नीट सांगायचा प्रयत्न करते. मला लिहायची फार सवय नाही.

मी पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची. कोकणा समाजाची. आईवडील पावसाळ्यात स्वतःचं भात करतात आणि भात निघालं की दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागांवर कामाला जातात. मी पहिलीपासून आश्रमशाळेत होते. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिली. नाशिकला आले, पंचवटीत मुलींच्या सरकारी वसतिगृहात राहायला लागले, आणि पहिलं वर्ष जवळजवळ कोणाशी बोलले नाही. वर्गात प्रश्न विचारायची भीती वाटायची. माझ्या तोंडून 'हाय' किंवा 'नाय' निघालं की मागच्या बाकावरून कोणीतरी ते परत म्हणून दाखवायचं.

कॉलेजच्या मैदानावर सकाळी कोणी काही विचारायचं नाही. म्हणून मी तिथे जायला लागले. आधी चालायचे, मग पळायला लागले. पळणं मला नाशिकने शिकवलं, डोंगराने नाही. आमच्या पाड्यावर मोठी मुलगी पळताना दिसली तर लोक घराबाहेर येऊन विचारतील, काय झालं, कोण आजारी हाय?

सरांनी मला त्या मैदानावर पाहिलं. ते पूर्वी एका शाळेत खेळाचे शिक्षक होते. आता गंगापूर रोडवरच्या एका रनिंग क्लबला शिकवतात आणि त्यावरच त्यांचं घर चालतं. त्यांनी दोन दिवस नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तू हात चुकीचे हलवतेस. छातीसमोर आडवे आणू नकोस." मी हात सरळ केले आणि अंग एकदम हलकं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझी चूक सांगितली होती आणि मला लाज वाटली नव्हती.

सर म्हणाले, क्लबमध्ये ये. विद्यापीठाच्या क्रॉस कंट्री संघात तू बसू शकतेस, पण एकटीने नाही होणार. क्लबची फी माझ्यासारखीला शक्यच नव्हती. त्यांनी अध्यक्षांना विचारलं. अध्यक्ष मोठे डॉक्टर आहेत. ते मला म्हणाले, "बेटा, तुझ्याकडून आम्हाला काही नको."

हे वाक्य मी त्या रात्री होस्टेलवर सगळ्यांना सांगितलं.

क्लबमध्ये मला जे मिळालं ते खोटं नव्हतं, हे सांगायला हवं. रोज जीव तोडून पळायचं नसतं, हे मला तिथे कळलं. चढावर पावलं छोटी करायची, उतारावर टाच आपटायची नाही, श्वास आधी नीट सोडायचा म्हणजे तो आपोआप आत येतो, हे सगळं सरांनी शिकवलं. माझी वेळ कमी होत गेली. संघ खरोखर जवळ दिसायला लागला. मला तो संघ हवा होता. इतका हवा होता, की बाकीचं मी पाहून न पाहिल्यासारखं करायचे.

बाकीचं म्हणजे रविवार.

रविवारी लांब पळणं झालं की सगळे मिसळ खायला जायचे. दर वेळी कोणीतरी पाहुणा असायचा. कोणाचा पुण्याचा मेव्हणा, कोणाचा बँकेतला मित्र. मिसळ यायच्या आत अध्यक्ष म्हणायचे, "ही आमची हरणी. उभी राहा गं." मी उभी राहायचे. मग ते माझी गोष्ट सांगायचे. मी लहानपणी पाण्यासाठी मैलोन्मैल पळत जायचे. डोक्यावर हंडा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मध्येच म्हणाले होते, "डॉक्टर, आमच्याकडे हापसा आहे. घराच्या मागेच." सगळे हसले. काय साधी आहे, म्हणाले. पुढच्या रविवारी अंतर वाढलं. नंतर त्या गोष्टीत एक बिबट्या आला. बिबट्या मागे लागला म्हणून हिला वेग आला, असं ते सांगायचे, आणि पाहुणे माझ्याकडे बघायचे, मग माझ्या पायांकडे. मी समोरच्या तर्रीकडे बघत उभी असायचे. वर तेलाचा लाल थर. मला अजूनही मिसळ खाता येत नाही.

एकदा त्याच मॅडम, ज्यांनी शूज काढायला लावले, त्यांनी सगळ्यांसमोर माझी पोटरी हाताने दाबली. "बघा ना. काय घट्ट आहे. हे जेनेटिक असतं. आपण जिममध्ये मेलो तरी असं होणार नाही." आणखी दोघींनी दाबून पाहिली. पेठच्या बाजारात बैल विकत घेताना असा हात फिरवतात. बैलाला निदान लाथ मारता येते. मी होस्टेलवर गेले आणि पोटरी साबणाने घासली. परत घासली.

सर हे सगळं बघायचे. त्या वेळी ते मोबाइलमध्ये काहीतरी शोधत असायचे.

पावसाळा संपत आला तेव्हा क्लबने ठरवलं की या वर्षीचा मोठा रन आमच्या भागात घ्यायचा, डोंगरात. आमच्या पाड्यापासून सुरू करायचा. मला बरं वाटलं. मग मीटिंगमध्ये अध्यक्ष म्हणाले, सुरुवातीला हिच्या आईचं पाद्यपूजन करू. ज्या माउलीने ही हरणी दिली तिचे पाय मी स्वतः धुईन. टाळ्या वाजल्या. कोणीतरी डोळे पुसले.

मलाही भरून आलं. हे खरं आहे. माझ्या आईला द्राक्षबागांवर कोणी नावाने हाक मारत नाही. 'ए बाई' म्हणतात. तिचे पाय एक डॉक्टर धुणार. पोस्टर, बिबट्या, पोटरी, सगळं मला त्या क्षणी छोटं वाटलं.

आईला फोन केला. ती हसत सुटली. "माझं पाय कशाला धुतील ते? मी काय नवरदेव हाय?" मग विचारलं, कोणतं पातळ नेसू.

त्या दिवशी क्लब बसने आला. पाड्यावरच्या शाळेसमोर मांडव घातला होता. पाट, फुलं घातलेलं पाणी, पितळी परात. वर ड्रोन घोंघावत होता आणि पाड्यातली सगळी माणसं मान वर करून उभी होती. आजूबाजूला भात गुडघ्याच्या वर आलेलं, बांधाशी अजून चिखल.

आई आली. हिरवं पातळ, अंबाडा, त्यात अबोलीचा गजरा. पायांत बाजारातून आणलेली नवी चप्पल. तिने आदल्या संध्याकाळी दगडाने टाचा घासल्या होत्या. चिरांमधला काळेपणा काढायला लिंबू लावलं होतं. माझ्या चुलत बहिणीने तिच्या नखांना लाल रंग लावून दिला होता. ती चप्पल काढून पाटावर बसली, पाय जुळवून. दुसऱ्याने पाय धुवायचे म्हणून तिने आधीच धुऊन आणले होते. आमच्याकडे कोणाच्या हातात घाण पाय देत नाहीत.

फोटोग्राफरने कॅमेऱ्यातून पाहिलं. कॅमेरा खाली केला. मॅडमजवळ जाऊन म्हणाला, "टू क्लीन आहेत. धुतल्यासारखं काही दिसणारच नाही."

मॅडमनी पाहिलं. त्या आईजवळ आल्या, वाकल्या, गोड आवाजात म्हणाल्या, "मावशी, जरा उठता का? त्या शेतात दोन पावलं जाऊन या ना."

आईला कळलं नाही. "कशाला? पाय भरतील."

"तेच हवंय हो. फोटोत छान येईल."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी अध्यक्षांकडे पाहिलं, ते तरी काही म्हणतील म्हणून. ते पाटासमोर गालिच्यावर बसले होते आणि हातांत ग्लोव्ह्ज चढवत होते. निळे, दवाखान्यातले. बोटं एकेक करून नीट बसवत होते.

तेवढ्यात सर माझ्याजवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "दोन मिनिटांचं काम आहे. निवड चाचणी तोंडावर आली आहे. डॉक्टर विद्यापीठातही शब्द टाकणार आहेत. सांभाळून घे."

आईने हे ऐकलं. नक्की ऐकलं, कारण ती लगेच उठली. पातळ थोडं वर धरलं आणि बांधाकडे चालायला लागली. अनवाणी. मान खाली. बागेवर मुकादमाने आवाज दिला की ती अशीच जाते. पाड्यातल्या बाया बघत होत्या. त्यांना वाटलं हाही पूजेचाच भाग असेल. आईने उजवा पाय चिखलात घातला. लाल रंगाची नखं आत गेली.

मी दोन पावलं पुढे गेले.

"आई, बाहेर ये," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. ड्रोनच्या आवाजातही तो सगळ्यांना ऐकू गेला असावा, कारण माणसं वळली.

मी अध्यक्षांना म्हणाले, "तिने घरून पाय धुऊन आणलेत. आता कोणी धुवायचे नाहीत."

ते हसले. "बेटा, हा सन्मान आहे."

"मग ग्लोव्ह्ज का घातले?"

मी हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. मला खरंच उत्तर हवं होतं. तेव्हाही एक वेडी आशा होती की काहीतरी कारण असेल आणि ते ऐकून मला परत गप्प बसता येईल. ते स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. मागून कोणीतरी म्हणालं, चिखलात इन्फेक्शन असतं, डॉक्टरांना काळजी घ्यावी लागते. म्हणजे पाय स्वच्छ होते ते चालले नाहीत. मग घाण करायला लावले, आणि त्या घाणीसाठी ग्लोव्ह्ज.

अध्यक्ष उठले. त्यांनी मला काही म्हटलं नाही. सरांकडे वळून म्हणाले, "किती केलं आपण हिच्यासाठी." आणि मॅडम, ज्या आत्ताच आईला मावशी म्हणत होत्या, त्या म्हणाल्या, "ह्या लोकांना जवळ केलं की हे असंच होतं."

मी आईचा हात धरून तिला हापशावर नेलं. मी हापसा मारला. तिने पाय स्वतः धुतला. एका नखाचा रंग खरवडला गेला होता, त्यावरून ती अंगठा फिरवत राहिली. मला वाटलं ती म्हणेल, बरं केलंस. ती म्हणाली, "आता तुझ्या पळायचं काय?" मी म्हणाले, माहीत नाही. ती म्हणाली, "मी घातला असता पाय. रोजच घालते." घराजवळ आल्यावर म्हणाली, "पण आज नव्हता घालायचा."

कार्यक्रम थांबला असेल असं मला वाटलं होतं. थांबला नव्हता. आमच्या शेजारची काकू त्याच वेळी शेतातून वर आली होती, बैलांना चारा टाकायला. पाय पोटरीपर्यंत भरलेले. तिला त्यांनी पाटावर बसवलं. ती घाबरली होती, मोठी माणसं रागावतील म्हणून नाही म्हणाली नाही. डॉक्टरांनी तिचे पाय धुतले. फुलं वाहिली. फोटो झाले.

दोन दिवसांनी नाशिकच्या एका वर्तमानपत्रात तो फोटो आला. ग्लोव्ह्ज दिसणार नाहीत असा कापलेला. खाली लिहिलं होतं, 'आदिवासी धावपटूच्या मातेचे पाद्यपूजन'.

मी तो फोटो होस्टेलच्या वाचनालयात उभी राहून पाहिला. बाजूला वसतिगृहातली एक मुलगी उभी होती. ती म्हणाली, "तुझी आई किती भोळी दिसते गं." मी म्हणाले, ही माझी आई नाही. तिने विचारलं, मग कोण? मला एका वाक्यात सांगता आलं नाही. त्यांना माझी आई नकोच होती. त्यांना चिखल हवा होता, आणि पाय भरलेली कोणीही बाई चालणार होती. तसंच त्यांना मी नको होते. शूज नसलेली कोणीतरी हवी होती. मी त्या जागेवर उभी होते, एवढंच. मी कॉलेजात समाजशास्त्राची पुस्तकं वाचते, शोषणावर परीक्षेत उत्तरं लिहिते, चांगले गुण मिळवते. तरी हे कळायला आईचा पाय चिखलात जावा लागला. त्याचीही मला किळस येते.

सरांचा फोन आला. त्यांनी सांगितलं, डॉक्टर मनाने मोठे आहेत. ग्रुपवर एक माफीचा मेसेज टाक, रविवारी ये, विषय संपला. मी म्हणाले, मी काय चुकले ते सांगा, मग टाकते. त्यांनी आवाज खाली आणला. मग म्हणाले, "तू चुकली नाहीस गं. पण मलाही घर आहे." त्यांच्याबद्दल मला राग धरता येत नाही. त्यांच्याकडे परत जाताही येत नाही.

मी मेसेज टाकला नाही. मला ग्रुपमधून काढलं. क्लबचा टी-शर्ट परत मागवला, तो धुऊन, घडी करून वॉचमनकडे दिला.

निवड चाचणीला मी एकटी गेले. शेवटच्या चढावर पोटात कळ आली, गती तुटली. मी संघात बसले नाही. सर सोबत असते तर बसले असते का? कदाचित बसले असते. ही किंमत मी दिली आहे आणि ती छोटी नाही. न्याय झाला वगैरे मी कोणाला सांगत नाही.

मागच्या महिन्यात सरांचा परत फोन आला. आधी तब्येत विचारली, सराव विचारला. मग अडखळत म्हणाले, "तुमच्याकडची दुसरी कोणी मुलगी आहे का गं? पळणारी? डॉक्टर विचारत होते. फी नाही घेणार."

मी खिडकीतून खाली पाहिलं. होस्टेलच्या अंगणात मुली शूजच्या लेस बांधत होत्या. सुरगाण्याच्या, हरसूलच्या, आमच्या पेठच्या. रोज सकाळी त्या माझ्याबरोबर कॉलेजच्या मैदानावर येतात. हात छातीसमोर आणू नका, हे मी त्यांना सांगते. चढावर पावलं छोटी. श्वास आधी सोडा. आणि हेही सांगते, की कोणी म्हणालं तुझ्याकडून काही नको, तर उभ्या उभ्या विचारायचं, मग काय हवंय?

मी सरांना म्हणाले, "मुली खूप आहेत, सर. एकही देणार नाही."

फोन ठेवला. पुढच्या वर्षी चाचणीला मी परत उभी राहणार आहे. या सगळ्या राहणार आहेत. अर्जावर क्लबच्या नावाची जागा असते, ती आम्ही कोरी सोडू. आमचे पाय कोणी धुवायचे नाहीत, कोणी दाबायचे नाहीत, कोणी छापायचे नाहीत. टी-शर्ट मी परत केला. शिकलेलं परत करणार नाही.